खरं सांगू का?

२०२३च्या पावसाळ्यात आम्ही घरच्या घरी एक भयपट काढला. लांबी नऊ मिनिटं चाळीस सेकंद. एकूण खर्च दोन हजार तीनशे रुपये, त्यातले निम्मे वडापाव, चहा आणि एकदा बाबांना हुक्की आली म्हणून मागवलेल्या मिसळीवर. 'काढला' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. तो उच्चारला की जुन्या कोल्हापूरकर मंडळींच्या रांगेत आपणही कुठेतरी कडेला उभे आहोत असं वाटतं. प्रत्यक्षात आमचा स्टुडिओ म्हणजे डोंबिवलीतलं आमचं राहतं घर, तिसरा मजला, खिडकीतून लोकलचा आवाज फुकट.

दिग्दर्शक अर्थातच मी. कॅमेरा म्हणजे भाचीचा मोबाईल आणि तो धरायला भाची, ती पुण्याला शिकते आणि सुट्टीत आमच्याकडे आली होती. प्रकाशयोजना बायकोची, म्हणजे हातात बॅटरी धरून 'अजून किती वेळ?' असं विचारणं. आणि नायक म्हणजे आमचे बाबा, वय वर्षं सत्त्याहत्तर. भूत नव्हतं. परवडलं नाही.

गोष्ट सुचली ती अशी. जूनमध्ये दोनदा असं झालं की सकाळी दुधाची पिशवी घ्यायला गेलो तर दाराची साखळी काढलेली. लॅच लागलेलं, साखळी मात्र नुसती लोंबकळतेय. रात्री ती मीच लावतो, गेली अठरा वर्षं. बायको म्हणाली, "विसरला असशील." मला तर पक्कं आठवत होतं. मग तिसऱ्या दिवशी गाडीत उभ्या उभ्या डोक्यात एक म्हातारा आला. बायको गेलेली, घरात एकटा. रोज रात्री साखळी लावतो, रोज सकाळी ती उघडी. त्याला वाटतं कुणीतरी आत येतंय. एक दिवस तो दारापाशी तांदळाचं पीठ पसरून झोपतो. माणूस गेल्यावर दिव्यापाशी पीठ पसरून ठेवतात आणि सकाळी त्यावर कसली पावलं उमटली ते बघतात ना, तसंच. सकाळी उठून बघतो तर पिठात पावलं आहेत. त्याचीच. पण फक्त बाहेर जाणारी. परत आलेली नाहीत.

मग आत उभा आहे तो कोण? समाप्त.

गाडीतच मला घाम फुटला. (गर्दीचाही असेल.) पण स्वतःच्या गोष्टीला आपण स्वतः घाबरलो की आता जग घाबरणारच, अशी माणसाची समजूत होते. तशी माझीही झाली.

शूटिंगच्या कहाण्या सांगत बसलो तर हे पान पुरायचं नाही. शेजारच्या कुकरने तीन शॉट खाल्ले, लोकलने किती ते मोजले नाहीत. पण खरा वेळ गेला तो बाबांमध्ये. त्यांना करायचं होतं एवढंच: साखळी लावायची, "लावली. मी स्वतः लावली" असं म्हणायचं आणि स्वयंपाकघराकडे जायचं. या एका शॉटला चौदा टेक झाले. कधी साखळी लावायचे आणि वाक्य विसरायचे. कधी वाक्य म्हणायचे आणि साखळी राहायची. कधी दोन्ही करून तिथेच उभे राहायचे आणि विचारायचे, "पुढे काय रे?" मी आधी हसलो, मग चिडलो. "बाबा, आत्ताच तर सांगितलं! पाच मिनिटंसुद्धा झाली नाहीत!" असं जरा आवाज चढवूनच म्हणालो. ते गप्प झाले. भाची माझ्याकडे नुसती बघत राहिली.

अकराव्या टेकला त्यांनी साखळी लावली, मग हाताकडे बघितलं, मग दाराकडे, मग थेट आमच्याकडे. आणि काहीच नाही. चेहरा कोरा. भाचीने कॅमेरा चालूच ठेवला होता. रात्री बघताना मी उडालोच. म्हटलं, काय अभिनय केलाय! वाक्य गेलं खड्ड्यात. तो अकरा सेकंदांचा तुकडा जसाच्या तसा सिनेमात घेतला.

पहिला खेळ गौरी-गणपतीला झाला. जेवणं झालेली, पुरणपोळ्या रिचवलेल्या, दुपारचे तीन, पडदे ओढून घेतलेले आणि हॉलमध्ये चौदा नातेवाईक. भयपट दाखवायला याहून वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता. चौथ्या मिनिटाला थोरल्या काकांची मान खाली गेली आणि सहाव्या मिनिटाला ते घोरायला लागले. पार्श्वसंगीतात ते घोरणं बरं मिसळलं, हे नंतर सगळ्यांनी मान्य केलं.

मग प्रतिक्रिया. काका जागे होऊन म्हणाले, "छान. पण अजून जरा मोठा हवा होता." मावशी म्हणाली, "किती स्वच्छ ठेवलंय घर! आणि ते पडदे नवीन का गं?" मेव्हण्याने सुरुवातच केली, "तू तुंबाड बघितलास का?" आता २०१८चा तो सिनेमा करायला राही अनिल बर्वे यांना कित्येक वर्षं लागली, खरा पाऊस मिळावा म्हणून ती मंडळी पावसाळ्यांची वाट बघत थांबली. आमच्याकडे रविवार होते चार. पण हे त्याला कोण सांगणार? (मीच सांगितलं, दहा मिनिटं.) आतेभाऊ म्हणाला, "शेवटी एकदम धाडकन आवाज टाक, लोक खुर्चीतून उडाले पाहिजेत." त्याला मी 'कॅट पीपल' या १९४२च्या सिनेमाची गोष्ट सांगितली. त्यात रात्रीच्या सुनसान रस्त्यावर एक बाई घाबरून झपाझप चाललेली असते, आपण श्वास धरून बसलेलो, आणि अचानक फुस्स करून समोर येते ती साधी बस. तेव्हापासून आजवर ती एकच युक्ती लोक वापरत आले आहेत, मला ती नको होती. आतेभावाने जांभई दिली. शेजारचे जोशीकाका (हे नाव खरं नाही, डोंबिवलीत ते कुणालाही चालतं) म्हणाले, "ती ट्यूबलाईटची फडफड मात्र झकास. अंगावर काटा आला." ती फडफड म्हणजे आमची चूक होती. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, दिवा सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतो, आणि मोबाईलचं शटर आम्ही साठाच्या हिशोबात ठेवलं होतं. तेही मी त्यांना समजावून सांगितलं. म्हणजे जी एकमेव गोष्ट त्यांना आवडली होती, ती चुकीची आहे हे मी त्यांना पटवून दिलं.

मावसबहिणीच्या आठ वर्षांच्या मुलाने विचारलं, "आजोबांनी एवढं पीठ सांडलं तर त्यांना ओरडा नाही बसला?"

याचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं.

सगळे एकमताने म्हणाले ते एकच, काकांनी काय काम केलंय! तो साखळीनंतरचा शॉट! बाबा खूश. त्या दिवशी त्यांनी दोन वेळा सगळ्यांना विचारलं, "मग, आवडला का सिनेमा?" आणि दोन्ही वेळा सगळ्यांनी हौसेने "हो" म्हटलं.

रात्री भांडी आवरताना भाची म्हणाली, "मामा, खरं सांगू का? तू सगळ्यांना उत्तरं देत होतास. पण त्यांनी प्रश्न विचारलेच नव्हते."

आता इथे मला मागे जावं लागणार आहे, आणि हे लिहायला मी बरेच दिवस टाळाटाळ केली आहे.

माझा एक कॉलेजमधला मित्र आहे. त्याला आपण बंडू म्हणू. २००७ साली बंडूने एक भयपट केला होता. कुणाचा तरी हँडीकॅम मागून आणला, मिनीडीव्हीच्या टेप विकत घेतल्या, गावच्या विहिरीवर दोन दिवस शूटिंग केलं आणि रात्री जागून कॉम्प्युटरवर मूव्ही मेकरमध्ये जोडाजोड केली. बारा मिनिटांचा सिनेमा, विहिरीवरच्या बाईचा. मग एका शनिवारी आम्हा आठ जणांना ठाण्याला घरी बोलावलं. त्याच्या आईने साबुदाणा वडे केले होते.

त्या वर्षांत मी फिल्म सोसायटीत जायला लागलो होतो. कुरोसावा पाहिला होता, बर्गमन पाहिला होता, आणि जे पाहिले नव्हते त्यांच्याबद्दलही बोलू शकत होतो. सिनेमा संपला, दिवे लागले, बंडूने विचारलं, "कसा वाटला? खरं सांगा हं." आणि मी खरं सांगितलं. म्हटलं, भुताच्या पदराला सेफ्टी पिन आहे, मेल्यावरही पदर सांभाळते बिचारी. सगळे फिस्कन हसले. हसू मिळालं की माझ्यासारख्या माणसाला चेव येतो. मग मी आणखी सांगितलं. दिवसा शूट करून निळी काच लावली की रात्र होत नाही, सावल्या बघ, दुपारच्या आहेत. तिसऱ्या मिनिटाला कुत्रा शेपूट हलवतोय, भुताला बघून. शेवटी म्हटलं, "तुझ्या सिनेमातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट म्हणजे संवाद." यावर तर टाळ्या पडल्या. बंडूही हसला. त्याची आई वड्यांचं ताट घेऊन दारात उभी होती, ती तेवढी हसली नाही.

मी जे बोललो त्यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पिन होतीच. सावल्या दुपारच्याच होत्या. पण खरं म्हणजे मी सिनेमा बघत नव्हतो. बारा मिनिटं मी वाक्यं गोळा करत होतो.

बंडूने हँडीकॅम परत दिला. पुन्हा काही केलं नाही. नोकरी, लग्न, बदली... कारणं सगळ्यांकडे असतात. आम्ही भेटत राहिलो, एकमेकांच्या लग्नात नाचलो, त्या सिनेमाचा विषय मात्र कधी निघाला नाही.

असो. भाचीवर येतो. तिने मला एक पद्धत सांगितली. लिझ लर्मन नावाच्या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने ती बसवली आणि आता नाटक-चित्रकला-लेखन सगळीकडे वापरतात. चार पायऱ्या. आधी बघणाऱ्यांनी सांगायचं की त्यांच्या लक्षात काय राहिलं, काय भिडलं. मग करणाऱ्याने त्याला पडलेले प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण त्यात मत लपवलेलं नको. म्हणजे "इतका अंधार का ठेवलास?" हा प्रश्न नव्हे, ते मतच आहे. "प्रकाशाबद्दल तू काय विचार केला होतास?" हा प्रश्न. आणि मत सगळ्यात शेवटी, तेही परवानगी मागून: "मला संगीताबद्दल काही वाटतंय, ऐकायचंय का?" करणारा 'नाही' म्हणू शकतो.

मला आधी हसूच आलं. म्हटलं, आपल्याकडे परवानगी मागून मत दिलं तर बोलणाऱ्याला ताप आलाय का ते बघतील. पण नंतर वाटलं, भयपटाला तर ही गोष्ट फारच लागू आहे. कारण घाबरणं हे विनोदासारखं आहे. हसू आलं की आलं, नाही तर नाही, नंतर कितीही समजावून सांगा. आणि माणसं तोंडाने जे सांगतात ते अंगाने सांगत नाहीत. 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' हा २००७चा सिनेमा ओरेन पेली याने स्वतःच्या घरात, जेमतेम पंधरा हजार डॉलर्समध्ये केला होता. त्याच्या एका चाचणी-खेळाला लोक मधूनच उठून जायला लागले. दाखवणाऱ्यांना वाटलं, आपटला. मग कळलं की लोक घाबरून जात होते, असं सांगतात. तेव्हा पुढच्या रविवारी आम्ही शेजारपाजारच्या चार जणांना बोलावून सिनेमा पुन्हा दाखवला. रात्री नऊ वाजता, उपाशीपोटी. मी पडद्याकडे पाठ करून बसलो आणि नुसती माणसं बघितली. आणि नंतर तोंडातून चकार शब्द काढायचा नाही असं ठरवलं. (बायको शेजारी बसली होती, चिमटा काढायला.)

तीन मिनिटं दहा सेकंदांवर दोघांनी मोबाईल काढला. पाचव्या मिनिटाला एकीने पाय वर घेतले. शेवटच्या पावलांवर, जिथे मला किंकाळीची अपेक्षा होती, तिथे सगळे व्यवस्थित आरामात बसलेले. चाळीस मिनिटं मी गप्प बसलो आणि हा माझ्या आयुष्यातला उच्चांक आहे. त्यांच्या बोलण्यातून जेवढं कळलं, त्याहून जास्त त्यांच्या पायांवरून कळलं.

त्या रात्री मी बंडूला सिनेमा पाठवला. का पाठवला हे मला आजही नीट सांगता येणार नाही. फेड करायची म्हणून असेल, किंवा नुसतं त्याने चांगलं म्हणावं म्हणूनही असेल. सोबत एवढंच लिहिलं: "बघ आणि खरं सांग." पाठवल्यावर लक्षात आलं, हे शब्द कुणाचे होते ते.

चार दिवस काही आलं नाही. म्हटलं, ठीक आहे, हक्कच आहे त्याचा. पाचव्या दिवशी रात्री फोन आला.

"तीन वेळा बघितला," म्हणाला. "बोलायला वेळ आहे का? आणि एकटा आहेस ना?"

मी बाल्कनीत गेलो.

"मी पावलांना नाही घाबरलो," बंडू म्हणाला. "काका गुडघ्यावर बसून पीठ पसरतात ना, हात असा फिरवतात, रांगोळी घालायच्या आधी जमीन पुसल्यासारखा, तिथे घाबरलो. मला काकू आठवल्या." आमची आई २०२०मध्ये गेली. "आणि पावलं दिसली, तेवढ्यात तुझं संगीत सुरू झालं आणि माझी भीती गेली. तू मला सांगितलंस की आता घाबर. मग मी म्हटलं, बरं."

जुनी खोड जात नाही. मी लगेच म्हटलं, अरे पण 'सायको' बघ. हिचकॉकला तो शॉवरचा प्रसंग संगीताशिवाय हवा होता, बर्नार्ड हरमनने तरी संगीत लिहिलं, आणि आज त्या व्हायोलिन्सशिवाय तो प्रसंग कुणाला आठवतो?

"बरोबर," बंडू शांतपणे म्हणाला. "पण हिचकॉकने दोन्ही ऐकून ठरवलं ना? तूही दोन्ही करून बघ."

मी गप्प. तोही गप्प. मला वाटलं झालं, आता फोन ठेवेल.

"अजून एक आहे. सिनेमाबद्दल नाही. विचारू का? नको असेल तर नको म्हण."

"विचार की."

"साखळीनंतरचा तो शॉट. काका अभिनय करत होते का?"

मी हसलो. म्हटलं, सगळ्यांना तोच शॉट आवडला, तुला म्हणून सांगतो, वाक्य विसरले होते, आम्ही तसाच ठेवला. हे बोलता बोलताच माझा आवाज मला जरा विचित्र ऐकू यायला लागला.

"माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं," बंडू म्हणाला. "अशीच बघायची. आम्हाला वर्षभर कळलं नाही, आम्ही चिडायचो तिच्यावर. आता ती मला तिचा भाऊ समजते. मी चुकतही असेन रे. चुकत असलो तर फारच बरं. पण दाखवून घे एकदा."

मी बराच वेळ बाल्कनीत उभा होतो. शेवटची लोकल गेली. मग आत येऊन भाचीने दिलेल्या हार्ड डिस्कमधून ते चौदा टेक काढले आणि एकामागून एक बघितले. शूटिंगच्या वेळी प्रत्येक टेक मला वेगळा दिसला होता, एक फुकट गेलेला टेक. ओळीने बघितल्यावर ते चौदा टेक नव्हतेच. एक माणूस होता, चौदा वेळा तीच जागा शोधणारा. आणि प्रत्येक टेकच्या शेवटी कॅमेऱ्यामागून माझा आवाज, दर वेळी थोडा अधिक चिडलेला.

आणि मग जूनमधली साखळी आठवली. दोन सकाळी. ती मी लावली होती. मी विसरलो नव्हतो.

डॉक्टरांनी बाबांना तारीख विचारली, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, आणि एक घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटांचं. बाबांचं अक्षर पहिल्यापासून मोत्यासारखं. त्यांनी गोल सुरेख काढला आणि बाराच्या बारा आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीने बसवले. मग रक्ताच्या तपासण्या झाल्या, कारण बी-१२ किंवा थायरॉईडनेही असा विसराळूपणा येऊ शकतो, आणि तो औषधाने सुधारतो. बी-१२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. पण मेंदूचं स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले की सगळं काही बी-१२वर ढकलता येणार नाही. सुरुवात आहे. लवकर आलात ते बरं केलंत.

लवकर आलो, कारण कुणीतरी आमचा सिनेमा तीन वेळा नीट बघितला. चौदा नातेवाईकांनी आणि चार शेजाऱ्यांनी तोच शॉट बघितला आणि वाहवा केली, त्यांना मी दोष देत नाही. मी तर तो कापून, जोडून, रंग सुधारून पन्नास वेळा बघितला होता. मी अभिनय बघत होतो. बंडू बाबांना बघत होता.

सिनेमाचं पुढे काय झालं तेही सांगतो. संगीत काढून बघितलं. बंडूचं बरोबर होतं. पावलांवर आता फक्त पंख्याचा आवाज आहे आणि लांबून जाणारी गाडी. तीन मिनिटांच्या आसपासचा मोबाईल काढायचा भाग कापला. आता लांबी सात मिनिटं पाच सेकंद. ट्यूबलाईटची फडफड जोशीकाकांसाठी ठेवली.

राहिला तो अकरा सेकंदांचा शॉट. मी म्हटलं, काढून टाकू. भाची म्हणाली, आजोबांना विचार. एका चांगल्या सकाळी (आता आमच्याकडे चांगल्या सकाळी आणि बाकीच्या सकाळी असा हिशोब असतो) मी बाबांना शेजारी बसवून सगळं सांगितलं. शॉट दाखवला. म्हटलं, बाबा, यात तुम्हाला खरंच काही आठवत नव्हतं, आणि मी ते अभिनय म्हणून लोकांना दाखवलं. नको असेल तर काढतो.

त्यांनी दोनदा बघितला. मग म्हणाले, "यात भूत कुठंय?"

"नाहीये, बाबा."

"मग राहू दे. चौदा वेळा करून घेतलंस माझ्याकडून, एक तरी ठेव."

चौदा हा आकडा त्यांच्या लक्षात होता.

साखळीला आता एक छोटी घंटा बांधली आहे, देवघरातली जुनी. रात्री वाजली की मी उठतो. बहुतेक वेळा ते दाराशी उभे असतात, कधी आईला आणायला निघालेले असतात. मी म्हणतो, "बाबा, उद्या जाऊ." ते म्हणतात, "लावली का साखळी?" मी म्हणतो, "लावली. मी स्वतः लावली." मग आम्ही झोपतो.

भाचीच्या मैत्रिणीने अलीकडे एक भयपट केला आणि तो माझ्याकडे आला, मत द्यायला. दोनदा बघितला. पहिल्यांदा वाक्यं सुचलीच, सात-आठ, एकेक फक्कड. लिहून काढली आणि कागद फाडला. दुसऱ्यांदा बघून तिला फोन केला आणि एवढंच सांगितलं की मला कुठे भीती वाटली, कुठल्या सेकंदाला ती गेली, आणि काय कळलं नाही. उपाय सांगितले नाहीत. उपाय तिला सापडतील, तिचं घर आहे ते.

आणि बंडू. डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर मी त्याला भेटायला गेलो. आभार मानले. मग म्हटलं, मला २००७बद्दल बोलायचंय. तो म्हणाला, "सोड रे. तू म्हणालास ते बरोबरच होतं. पिन दिसतच होती." मग जरा थांबून म्हणाला, "फक्त आई होती तिथे."

मी सॉरी म्हटलं. सोळा वर्षांनंतर हा शब्द किती लहान वाटतो ते म्हणून बघितल्याशिवाय कळत नाही.

मग मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला त्या शनिवारीच सांगता आली असती. त्याच्या सिनेमात एक जागा होती. बाई निघून गेलेली असते, बादली वर आलेली असते, विहिरीवर कुणी नाही, आणि रहाट फिरत राहतो. बराच वेळ. हळू होत होत, थांबतोय असं वाटतं आणि थांबत नाही. म्हटलं, बंड्या, मी त्यानंतर शेकडो भयपट बघितले असतील. रात्री पाणी प्यायला उठलो की अजून मला तो रहाट आठवतो.

तो कितीतरी वेळ काही बोलला नाही.

"तो चुकून आलाय," शेवटी म्हणाला. "मी कॅमेरा बंद करायला विसरलो होतो."

आतल्या खोलीत त्याची आई कुणाला तरी हाक मारत होती. तो उठून गेला, परत आला, म्हणाला, टेप अजून माळ्यावर असेल. लावून बघायला मशीन मात्र नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कुणाकडे, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या सासरी-माहेरी, चालू अवस्थेतला मिनीडीव्ही हँडीकॅम असेल तर जरूर कळवा. आठवड्याभरात परत करीन. वडापाव माझ्याकडून.